लाभ घेत असलेले ग्रामस्थ

साळवे काकांना "जेवण झालं का?" असं विचारलं, तर ते कधी सरळ हो किंवा नाही म्हणत नसत. क्षणभर थांबत, चष्मा नाकावर सारखा करत आणि म्हणत, "हे अंशतः खरे आहे." म्हणजे भाकरी खाऊन झाली, भात अजून चुलीवर आहे. "काका, घोडेगावला निघालात का?" "होय, हे खरे आहे." "आत्ता जीप मिळंल का?" "बाब तपासण्यात येत आहे." आतून काकूंनी "आणिक घोटभर चहा देऊ का?" असं विचारलं, की "प्रश्न उद्भवत नाही," असं म्हणत आणि म्हणता म्हणता कप पुढे करत.

आमच्या वाडीतल्या लहान पोरांना ही सगळी उत्तरं पाठ होती. खेळताना एकाने दुसऱ्याला ढकललं आणि आईने विचारलं, "का रं, तू ढकललं का त्याला?" तर पोरगं म्हणायचं, "हे खरे नाही." मग पाठीत धपाटा. पोरांनी काकांचं नाव ठेवलं होतं, तारांकित काका. विधानसभेत आमदार जो प्रश्न विचारतो आणि मंत्र्याला उभं राहून ज्याचं उत्तर द्यावं लागतं, त्याला तारांकित प्रश्न म्हणतात, हे आमच्या वाडीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळलेलं होतं.

माझ्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची, हे मला कुणी सांगितलेलं नाही. काकांची जन्मतारीख मला ठाऊक नाही. ते गेले तेव्हा माझी परीक्षा चालू होती, त्यामुळे त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी काही सांगू शकत नाही. मला त्यांचं बोलणं आठवतं, आणि आठवलं की राग येतो. राग काकांचा नाही. कुणाचा, ते पुढे कळेल.

आमची वाडी शिनोलीवरून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. तिचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या त्याचंही उत्तर तयार होईल.

काकांची सगळी नोकरी बाहेरच्या जिल्ह्यात झाली, एका तालुक्याच्या सरकारी कार्यालयात. निवृत्त होऊन ते वाडीत परत आले तेव्हा मी शाळेत होते. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या चुका दाखवायला. सवय जात न्हाई." आवाज मोठा, बोलणं भांडल्यासारखं. जीपमध्ये बसले की ड्रायव्हरशी वाद, रेशनच्या दुकानात दुकानदाराशी वाद. बरेच लोक त्यांना टाळायचे. माझे वडीलही त्यांच्या दारावरून जाताना पाय उचलून चालायचे.

अधिवेशन सुरू झालं की काकांच्या घरातला टीव्ही दुसऱ्या कुणाचा नसायचा. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि भगवान बुद्धांचा फोटो, खाली टीव्ही, समोर लोखंडी खुर्चीत काका. मंत्री उत्तर द्यायला उठले की काका ताठ व्हायचे. काकू आतून ओरडायच्या, "अवो, माझी मालिका सुरू झाली आसंल!" काका म्हणायचे, "ही बी मालिकाच हाय. गप बघ." काकू म्हणायच्या, "हिच्यात कुणी रडत न्हाई."

"रडणारी हितं दाखवत न्हाईत," काका म्हणायचे.

मी एफवायला राज्यशास्त्र घेतलं तेव्हा काकांकडे जाऊन बसायला लागले. पुस्तकात एवढंच लिहिलं होतं, की प्रश्नोत्तराच्या तासामुळे कार्यकारी मंडळावर नियंत्रण राहतं. काकांनी ते वाक्य वाचलं आणि लाल पेन काढलं. पण खूण केली नाही, पेन परत खिशाला लावलं. मग मला विचारलं, "मंत्र्याला उत्तर द्यायचं असतं. पण त्याला कुठल्या वाडीतलं काय ठाऊक असणार? मग तो कुणाला विचारतो?"

"सचिवांना?"

"सचिव?"

"जिल्ह्याला."

"जिल्हा तालुक्याला. तालुक्यात मी बसलेलो. हापिसात नुसता आरडाओरडा, एलएक्यू आला, एलएक्यू आला! एलएक्यू म्हणजे विधानसभेतला प्रश्न. आजच्या आज उत्तर पायजे. आता मी कुणाला विचारणार?"

काकांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला.

"ज्याची तक्रार हाय त्यालाच! दुसरा हायेच कोण? तो फोनवर सांगणार, समदं बरोबर हाय साहेब. ते मी चांगल्या मराठीत लिहिणार. मग ते एकेक सही घेत वर चढणार आन मंत्र्याच्या तोंडातनं भाईर पडणार. म्हणजे चोराला विचारायचं चोरी झाली का, आन त्याचं उत्तर सभागृहात वाचून दाखवायचं. हे तुझं नियंत्रण."

त्या दिवशी त्यांनी मला वसतिगृहाची गोष्ट सांगितली. त्यांच्या तालुक्यात मुलींचं एक सरकारी वसतिगृह होतं. तिथे पाणी नाही, मुलींना बाहेरून आणावं लागतं, असा प्रश्न विधानसभेत लागला. काकांनी वसतिगृहाच्या अधीक्षकांना फोन केला. "पाणी हाय ना?" "हाय की." काकांनी लिहिलं, "हे खरे नाही. वसतिगृहात पाणीपुरवठ्याची सुविधा उपलब्ध आहे." टाकी होती, नळ होते, म्हणजे सुविधा उपलब्ध होती. पाण्याबद्दल वाक्यात काहीच नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली.

पुढे कधीतरी काका त्या रस्त्याने एसटीतून चालले होते. ओढ्यावरून मुलींची रांग चढून येत होती. प्रत्येकीच्या डोक्यावर भरलेली बादली.

"खिडकीतनं बघितलं आन ओळखलं," काका म्हणाले. "माझंच वाक्य डोक्यावर घेऊन चालल्या व्हत्या."

काकू ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा ऐकलेली असावी.

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "पोरी, आपल्या पणज्याला चावडीच्या पायरीवर चढून इचारायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी अशी तजवीज करून ठेवली, की लोकांच्या माणसानं विचारलं की मंत्र्यानं उठून उभं ऱ्हायचं. उठून! आन मी काय केलं? नोकरीभर त्याच्या उत्तरात पाणी घातलं."

निवृत्तीनंतर काकांनी उलटा धंदा सुरू केला. उत्तरं लिहिणारा माणूस प्रश्न तयार करायला लागला.

प्रश्न कसा करायचा, ते मी त्यांच्याकडून शिकले. आमच्या कॉलेजात मुलींसाठी एक खोली होती, तिला कायम कुलूप. मी अर्ज लिहिला, "तरी सदर खोली सुरू करावी ही नम्र विनंती." काकांना दाखवला. लाल पेन बाहेर आलं.

"विनंती कशाला? देवळात चाललीस का? प्रश्न विचार."

"खोली बंद का आहे?"

"मग ते म्हणणार, बंद न्हाई, सुरू हाय. झालं! प्रश्नाला पळवाट ठिवायची न्हाई. असं विचार, की उत्तरात माणसाचं नाव आलंच पायजे. किल्ली कुणाकडं असते?"

मी घाबरत घाबरत तेवढं एकच वाक्य लिहून दिलं, की मुलींच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते. ऑफिसमधल्या कुणालाच आपलं नाव तिथे नको होतं. लवकरच खोली उघडली. मी धावत येऊन काकांना सांगितलं, "काका, उघडली!" ते म्हणाले, "हे अंशतः खरे आहे. आत पंखा हाय का?" पंखा नव्हता.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या वाडीच्या तोंडाशी सरकारी आरोग्य उपकेंद्राची इमारत आहे. गुलाबी रंग, पुढे ओटा, ओट्यावर सिमेंटचं बाकडं, भिंतीत उद्घाटनाची काळी फरशी. फरशीवर नावांची एवढी दाटी, की शेवटची नावं बारीक अक्षरात कोरावी लागली आहेत. उद्घाटनाला मोठी माणसं आली, पेढे वाटले. मग दाराला कुलूप लागलं. इथली सिस्टरची जागा रिकामी. शेजारच्या गावांच्या सिस्टरकडे आमच्या वाडीचा जादा भार. ती बिचारी कधीतरी लसीकरणाला यायची, अंगणवाडीत बसून लस द्यायची आणि जायची. उपकेंद्राची किल्ली तिच्याकडेही नव्हती.

काकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, शांताकाकूंना, बीपीचा त्रास होता. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, पण आधी बीपी तपासावा लागतो. त्यासाठी घोडेगाव. जीप भरेपर्यंत ती सुटत नाही, मग उन्हात उभं राहायचं, मग दाटीवाटीत बसायचं. काका म्हणायचे, "बीपी तपासायला जायाचं आन जाता जाताच वाढवून घ्यायचा." काकूंनी हळूहळू जाणंच सोडलं. "मला काय झालंय? मी चांगली हाय," म्हणायच्या. काका तेवढ्यावर गप्प बसणारे नव्हते. दार दोनशे पावलांवर असताना बायकोने गोळ्यांशिवाय राहायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

त्यांनी ग्रामसभेत विषय काढला. सरपंच आमच्याच वाडीचे, बोलायला मिश्कील. ते म्हणाले, "काका, ही ग्रामसभा हाय. विधानसभा न्हाई. हितं उपप्रश्न विचारायचे न्हाईत."

"मग विधानसभेत विचारतो," काका म्हणाले.

"तिथवर आवाज जातोय व्हय आपला?"

"खोडदला एवढाल्या अँटेना उभ्या केल्यात. कुठल्या कुठल्या ताऱ्याचा आवाज पकडत्यात. आपल्या वाडीचा पकडाया किती मोठी लागंल तेवढं सांगा."

सगळी सभा हसली. काकासुद्धा हसले. पण ते बोलले ते खरं करूनच थांबले. बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका आमदारांना ते नोकरीच्या काळापासून ओळखत होते. त्यांच्या स्वीय सहायकाकडे काका खेटे घालत राहिले. प्रश्न काकांनी स्वतः तयार केला होता: गेल्या वर्षभरात या उपकेंद्राचे दार कोणी उघडले, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते?

सहायकांनी तो बदलला. फोनवर म्हणाले, "काका, किल्लीबिल्ली सभागृहात बरं दिसत नाही." छापून आला तो असा: "उपकेंद्राच्या इमारतीवर शासनाचा निधी खर्च होऊनही ते बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्याबाबत कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

काकांनी तो कागद माझ्या हातात दिला. "पळवाट उघडी ठिवली," म्हणाले. पण थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "आसू दे. लागला तर खरा." त्यांचा आनंद लपत नव्हता.

अधिवेशनाच्या थोडं आधी एक नवल घडलं. काका मंचरला गेले होते. दुपारी परत आले तर काकू दारातच उभ्या. "अवो, आपला दवाखाना उघडला! सिस्टर आलती, दोन सायेब आलते. माजा बीपी बी तपासला."

"किती भरला?"

"लई हाय म्हनली. घोडेगावला जाऊन दाखवा म्हनली. लई गुणाची पोर हाय. घामाघूम झालती, मी च्या करून दिला."

काका ओट्यावर बसले आणि मोठ्यांदा हसले. मला हाक मारली. "बघ! ह्याला म्हणत्यात प्रश्न. मंत्री उठायच्या आधी दार उघडलं!" त्या संध्याकाळी त्यांनी पाव किलो जिलेबी आणली. काकूंना गोळ्या आणायला दुसऱ्याच दिवशी नेलं. मला तेव्हा काहीच खटकलं नाही. काकांना खटकायला हवं होतं. पण बायको इतकी खुशीत दारात उभी असताना कुठल्या माणसाला जुनं हापिस आठवतं?

नंतर दाराला पुन्हा कुलूप दिसलं. काका म्हणाले, "उत्तर येऊ दे. मग कायमचं निघतंय."

मार्चमध्ये आम्ही मुंबईला गेलो. प्रश्न ज्या दिवशी लागला होता त्या दिवसाचे प्रेक्षकांच्या सज्जाचे दोन पास मिळाले. दुसरा पास काकूंसाठी होता, पण त्यांना एवढा प्रवास झेपला नसता. त्या म्हणाल्या, "पोरीला न्या. तिच्या अभ्यासात हाय ते." त्यांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वडील पहिल्यांदाच काकांच्या ओट्यावर आले आणि "संबाळून न्या," एवढंच म्हणाले.

विधानभवनात मोबाइल आणि पिशव्या बाहेर ठेवून घेतल्या. सज्जात बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं सांगितलं. काकांनी शर्टाच्या बाह्यांची बटणं लावली आणि शाळेतल्या मुलासारखे बसले. खाली सगळं टीव्हीवर दिसायचं त्यापेक्षा लहान दिसत होतं.

आमचा प्रश्न यादीत बराच खाली होता. पहिल्या प्रश्नावर एक मंत्री म्हणाले, "सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी शासन सहमत आहे." काका माझ्या कानाला लागले, "म्हणजे काय करणार न्हाई." दुसऱ्या प्रश्नाला मंत्री म्हणाले, "सविस्तर माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल." काका पुटपुटले, "म्हणजे काय ठिवणार न्हाई." सज्जाच्या रक्षकाने बोट ओठांवर ठेवलं.

मग कशावरून तरी खाली आरडाओरडा सुरू झाला. आमच्या विषयावरून नव्हे, वाडीतल्या किंवा कुठल्याही वाडीतल्या विषयावरून नव्हे. कुणी कुणाला काय म्हटलं, यावरून. सदस्य मधल्या जागेत उतरले, घोषणा झाल्या. बैठक तहकूब झाली. पुन्हा भरली, पुन्हा तहकूब झाली. प्रश्नोत्तराचा तास त्यातच संपला. ज्या प्रश्नांपर्यंत पोचता आलं नाही, त्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवलेली आहेत, असं धरायचं असतं. म्हणजे ती कुणी वाचायची नसतात आणि कुणी उभंही राहायचं नसतं.

काका हलेनात. रक्षक म्हणाला, "चला आजोबा."

"मंत्री उठलाच न्हाई," काका म्हणाले. रक्षकाला काय कळणार? पण मला ते वाक्य कळलं, आणि मला इतका राग आला की रडू फुटलं. ज्या माणसाने आयुष्यभर उत्तरं लिहिली, तो आयुष्यात एकदा प्रश्न घेऊन आला होता. त्याला एवढंच बघायचं होतं, की आपल्या वाडीसाठी कुणीतरी उठून उभं राहिलं.

बाहेर आल्यावर सहायकांनी उत्तराची प्रत दिली. काकांनी ती फुटपाथवर उभं राहून वाचली आणि माझ्याकडे दिली. त्यात लिहिलं होतं: "हे खरे नाही. सदर उपकेंद्र सुरू असून स्थानिक ग्रामस्थ आरोग्यसेवेचा लाभ घेत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले आहे. कार्यवाहीचा व विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही."

परतीच्या एसटीत काकांनी भाकरीचं फडकं सोडलं नाही. नारायणगाव यायच्या आधी एकदाच बोलले. "प्रत्यक्ष पाहणी. कुणी केली पाहणी? कुठले ग्रामस्थ?"

ते त्यांना लवकरच कळलं. नोकरीतल्या ओळखीच्या एकाने पाहणी अहवालाला जोडलेला फोटो मिळवून त्यांच्या मोबाइलवर पाठवला. काकांना फोटो मोठा करता येत नव्हता. त्यांनी मला बोलावलं. मी दोन बोटांनी तो मोठा केला. उपकेंद्राचं दार सताड उघडं. बाकड्यावर ओळीने वाडीतल्या बाया, त्यात माझी आईसुद्धा. आणि सगळ्यांच्या पुढे, खुर्चीत, डोक्यावर पदर घेऊन, दंडाला बीपीचा पट्टा बांधून, कॅमेऱ्याकडे बघत बसलेल्या शांताकाकू.

काकांनी हाक मारली, "अगं, फोटो काढला व्हता का तुमचा?"

"व्हय की," काकू हात पुसत बाहेर आल्या. "सिस्टर म्हनली, मावशी, पाच मिनिटं बसा, वर पाठवायचाय. मला वाटलं, वर पाठवला तर डाक्टर पाठवतील. का वो? काय झालं?" त्यांनी मोबाइलमध्ये वाकून पाहिलं. "बरी आलीया की मी."

काकांनी त्यांना काय झालं ते सांगितलं. काकू खाली बसल्या. "मला काय ठावं? दारी आलेल्या पावन्याला न्हाई म्हनायचं व्हय? आन ती पोर बी काय करंल? तिला बी कुनी वरून सांगितलं आसंल."

"तुझी काय चूक न्हाई. त्या पोरीची बी न्हाई," काका म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला, पण काकूंवर नाही. "बीपी वाढलेला व्हता. घोडेगावला जा म्हणाले. हितं इलाज न्हाई म्हणूनच जा म्हणाले ना? आन त्याच हाताचा फोटो काढून सांगत्यात, लाभ घेतला!"

मी एवढं शिकले, पण यापेक्षा मोठी लबाडी अजून कुठल्या पुस्तकात वाचली नाही. यात कुणी खोटा कागद केला नव्हता. फोटो खरा होता, दार खरं उघडं होतं, बायका खऱ्या होत्या. आमच्याच चांगुलपणाचा त्यांनी आमच्याविरुद्ध पुरावा केला होता.

एप्रिलच्या उन्हात काकू नळावर चक्कर येऊन पडल्या. तोंड वाकडं झालं. सरपंचांनी आपली पिकअप काढली आणि मंचरला नेलं. त्या वाचल्या. पण डावा हात पहिल्यासारखा राहिला नाही. तोच, फोटोतला. पट्टा बांधलेला.

काकूंना घरी आणल्यानंतरच्या सकाळी काका आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बाहेर पडले आणि उपकेंद्राच्या बाकड्यावर जाऊन बसले. कुलपाकडे पाठ करून. दुपारी घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता काकू म्हणाल्या, "मला बी न्या. फोटूत मी व्हते. मी न्हाई तर कोन बसनार तिथं?" काकांनी त्यांना हाताला धरून नेलं. मग माझी आई गेली. मग फोटोतल्या बाकीच्या बाया भाज्या निवडायला घेऊन जायला लागल्या. सरपंच आधी म्हणाले, "काका, कुलूप ऐकंल का तुमचं?" नंतर त्यांनीच पाण्याचा जार आणून ठेवला.

एक दिवस पांढरी गाडी आली. एक साहेब उतरले. "काका, हे काय? उपोषण आहे का? आंदोलनाला परवानगी घेतलीय का?"

काका उठून उभे राहिले. "आंदोलन? प्रश्न उद्भवत नाही, साहेब."

"मग बसलात कशाला?"

"आमी लाभ घेतोय." काकांनी पटलावरच्या उत्तराची प्रत पुढे केली. "सरकारनं विधानसभेत सांगितलंय, ग्रामस्थ हितं लाभ घेत्यात. आमी न्हाई बसलो तर मंत्री खोटं पडंल. मंत्र्याला खोटं पाडायचं का?"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकूंना हसताना तोंड एका बाजूला जायचं, म्हणून त्यांनी तोंड झाकून घेतलं. साहेबांनी प्रत वाचली, मोबाइलवर कुणाशी तरी बोलले आणि "बघतो" म्हणून गेले.

गाडी वळून रस्त्याला लागली तरी काका उभेच होते. "नाव विचारायचं ऱ्हायलं," म्हणाले. "किल्ली कुणाकडं असते, त्येबी."

जूनमध्ये माझा पुण्याला प्रवेश झाला. निघायच्या दिवशी मी जीपमध्ये मागे बसले होते, पायाशी पत्र्याची पेटी. जीप उपकेंद्रापाशी माणसं घ्यायला थांबली. ओट्यावर काका आणि काकू दोघेच होते, बाकीच्या अजून यायच्या होत्या. काकूंचा डावा हात मांडीवर उताणा ठेवलेला होता. काका त्यांच्या बोटांना तेल चोळत होते, एकेक बोट सावकाश सरळ करत. पाठीमागे गुलाबी दार, कुलूप, उद्घाटनाची फरशी.

जीप सुटताना मी मोठ्यांदा ओरडले, "काका, उघडलं का?"

माझी खात्री होती, ते म्हणणार, "बाब तपासण्यात येत आहे," नाहीतर "कार्यवाही सुरू आहे," आणि जीपमधली सगळी हसणार. काकांनी मान वळवून कुलपाकडे पाहिलं. मग काकूंच्या हाताकडे. मग माझ्याकडे.

"न्हाई," ते म्हणाले.